आधी मेटॉल

मेटॉल विरघळेना. काचेच्या दांडीनं ढवळून ढवळून मनगट भरून आलं, तरी भांड्यात नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या कण्या फिरतच होत्या. फोटोच्या फिल्मसाठी डेव्हलपर बनवत होते, म्हणजे तिच्यावरचं चित्र वर आणणारं पाणी. वजनं मी दोनदा तपासली होती. मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम, आणि पाणी घालून सगळं मिळून १ लिटर. पाणीही हवं तसं, पन्नास अंशांच्या आसपास तापवलेलं.

काका बाथरूमच्या दारात उभे होते. कराडमध्ये त्यांचा स्टुडिओ पस्तीस वर्षं चालला. तो बंद केला तेव्हा एन्लार्जर, तीन ट्रे, लाल दिवा आणि सोनाराकडं असतो तसला छोटा काटा त्यांनी माझ्या घरी आणून ठेवला. ओळख एवढीच, की शेजारी राहते आणि कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. त्यांनी भांड्यात डोकावलं.

"सल्फाइट आधी टाकलंस?"

"हो. तेच सगळ्यात जास्त होतं म्हणून."

"ओतून दे. आधी मेटॉल. चिमूटभर सल्फाइट टाकायचं, मग मेटॉल. ते पार विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, आणि टाकणखार शेवटी. क्रम चुकवायचा नाही."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनीही सांगितलं नव्हतं. रात्री पुस्तकं काढून बसले तेव्हा उलगडा झाला. बाजारात मेटॉल मिळतं ते क्षाराच्या रूपात, सल्फेट म्हणून, आणि म्हणून ते पाण्यात चटकन विरघळतं. सल्फाइटच्या दाट, अल्कधर्मी द्रावणात तो क्षार मोडतो आणि जे सुटं होतं ते पाण्यात जेमतेम विरघळणारं असतं. मग सुरुवातीची चिमूट तरी कशाला? तर पाण्यात मुरलेला ऑक्सिजन मेटॉलपर्यंत पोचायच्या आत सल्फाइटनं त्याला अडवावं म्हणून. तेवढ्याशा सल्फाइटनं मेटॉलचं काही अडत नाही. काकांच्या दोन वाक्यांत दोन पानांची केमिस्ट्री होती, आणि ती त्यांनी हातानं शिकलेली होती.

याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मी घरीच रोल धुते, आणि डेव्हलपर नावाच्या या पाण्याविषयी माझ्या मनात जे साठत गेलंय ते एकदा नीट लिहून काढायचं होतं.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण विखुरलेले असतात. एकेका कणात चांदीचे आयन अब्जावधी. शटर क्षणभर उघडतं, आणि ज्या कणाला पुरेसा प्रकाश लागतो त्याच्यावर चांदीच्या चारपाच अणूंचा एक ठिपका तयार होतो. बस्स, इतकंच. त्या वेळी फिल्म बाहेर काढून कितीही मोठ्या भिंगाखाली धरली तरी तिच्यावर काही दिसायचं नाही. डेव्हलपर तो ठिपका हेरतो आणि त्याच्या आधारानं अख्खा कण काळ्या चांदीचा करून टाकतो. चार अणूंचे अब्जावधी होतात. शेजारच्या, ठिपका नसलेल्या कणाला मात्र तो सोडून देतो.

पाठ्यपुस्तकाच्या भाषेत डेव्हलपर म्हणजे क्षपणक, इलेक्ट्रॉन देणारा. पण इलेक्ट्रॉन देणारे पदार्थ पैशाला पासरी आहेत. आमच्या भागात गुळाला पिवळेपणा यावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस टाकतात. ती पावडर म्हणजे सोडियम डायथायोनाइट, भलताच जोरकस क्षपणक. तिच्या द्रावणात फिल्म बुडवली तर प्रकाश लागलेले कण आणि न लागलेले कण, सगळे सरसकट काळे होतील. हाती येईल ती नुसती काळी पट्टी. उलट फारच दुबळा क्षपणक घेतला तर दिवसभर बुडवून ठेवा, काही होणार नाही. या दोन टोकांच्या मधे एक चिंचोळी जागा आहे आणि आजवरचे सगळे कामाचे डेव्हलपर तेवढ्या जागेत बसतात. डेव्हलपरची खरी किंमत तो कशाला हात लावत नाही यावर ठरते, हे मला इथं पहिल्यांदा कळलं.

आणि त्यापुढचं कळायला आणखी काही वर्षं लागली. ठिपका नसलेला कणसुद्धा डेव्हलपरमधे काळा होऊ शकतो. ऊर्जेचा हिशेब मांडला तर त्यालाही काळं व्हायला काही आडकाठी नाही. फक्त त्याला वेळ लागतो. ठिपका असला की इलेक्ट्रॉनला कणात शिरायला वाट मिळते आणि काम मिनिटांत उरकतं. ठिपका नसला की वाट नाही, काम रेंगाळतं. निगेटिव्हवर आपण जे चेहरे, झाडं, देवळं बघतो ती या दोन वेगांमधली तफावत असते. ती तफावत भरपूर असताना थांबायचं. अॅसिटिक अॅसिडच्या पातळ पाण्यानं डेव्हलपर मारायचा, कारण आम्लात त्याचं काही चालत नाही, आणि मागं राहिलेलं सिल्व्हर ब्रोमाइड हायपोनं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटनं, विरघळवून काढून टाकायचं. मग निगेटिव्ह उजेडात आणली तरी चालते.

वर्गात ऑर्थो, मेटा, पॅरा शिकवताना मी आता हेच उदाहरण घेते. बेंझिनच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट बसवले की तीन भावंडं होतात. शेजारीशेजारी बसवले तर कॅटेकॉल, एक घर सोडून बसवले तर रेसॉर्सिनॉल, समोरासमोर बसवले तर हायड्रोक्विनोन. अणू तेच, तेवढेच. कॅटेकॉल डेव्हलपर आहे, हायड्रोक्विनोन डेव्हलपर आहे, आणि मधलं रेसॉर्सिनॉल या कामी बिनउपयोगी. मुलांना सांगते, प्रत्येकातून दोन हायड्रोजन काढा आणि फळ्यावर क्विनोन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावरचं रूप, काढून दाखवा. ऑर्थोचं निघतं, पॅराचं निघतं. मेटाच्या वेळी खडू अडतो. दुहेरी बंध इकडून तिकडं कितीही हलवले तरी एखाद्या कार्बनला पाच बंध होतात, नाहीतर एखादा उघडा पडतो. ज्याला इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर स्वस्थ बसायला जागा नाही तो इलेक्ट्रॉन देईल कसा? १८९० च्या दशकात आंद्रेसेन आणि ल्युमिएर बंधूंनी डेव्हलपर ओळखायचा जो नियम सांगितला तो मुळात हाच. मुलं तो दोन मिनिटांत खडूनं शोधतात. दर वर्षी कुणीतरी पुढं येऊन हट्टानं मेटाक्विनोन काढायला बघतंच, आणि मी बघू देते.

कॅटेकॉल हे नाव काथावरून आलंय, विड्यातल्या काथावरून. काथापासून निघालं म्हणून कॅटेकॉल. या विषयात शिरलं की आपल्या घरातली नावं अशी अवचित भेटत राहतात. अगदी सुरुवातीच्या डेव्हलपरांपैकी एक तर बाळगुटीतला आहे म्हटलं तरी चालेल. इंग्लंडमधे फोटोग्राफीचे एक आद्य संशोधक टॅलबट यांना सप्टेंबर १८४० मधे दिसलं, की कॅमेऱ्यात थोडाच वेळ ठेवलेल्या, वरवर कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर गॅलिक अॅसिड आणि सिल्व्हर नायट्रेट फिरवलं की चित्र वर येतं. तोवर कॅमेऱ्यातच कागद काळा होईपर्यंत वाट बघावी लागायची. हे गॅलिक अॅसिड ओकच्या फांद्यांवर किड्यामुळं धरणाऱ्या गाठींमधून काढायचे. त्याच जातीच्या गाठी म्हणजे आपलं मायफळ. माझ्या आईनं माझ्या मुलासाठी सहाणेवर उगाळलं ते. शेजारचा हिरडासुद्धा त्याच कुळातल्या तुरट द्रव्यांनी भरलेला. गॅलिक अॅसिड तापवलं की पायरोगॅलॉल मिळतं, आणि १८५१ नंतर ओल्या कोलोडियनच्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, धुवायला सुरुवातीला तेच वापरात होतं. जिभेला तुरट लागणारं ते चांदीला लागू पडतं, हे बघून मला अजून नवल वाटतं.

पुढची नावं भराभर सांगते. हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर म्हणून उपयोग अॅबनी यांनी १८८० मधे दाखवला. १८९१ हे एकच वर्ष फार मोठं. जर्मनीत त्या वर्षी आंद्रेसेन यांचं रोडिनाल आलं आणि हाउफ यांच्याकडं काम करणाऱ्या बोगिश यांच्या हातून मेटॉल आलं. मग १९२७ मधे कोडॅकमधल्या कॅपस्टाफ यांनी सिनेमाच्या फिल्मसाठी चार पदार्थांचं एक सूत्र बसवलं. त्याचं नाव डी-७६. माझ्या भांड्यात त्या दिवशी कण्या धरून बसलेलं ते हेच.

त्यातल्या मेटॉल आणि हायड्रोक्विनोनच्या जोडीवर माझा विशेष जीव आहे. डी-७६ मधला टाकणखार अगदी सौम्य अल्कली. एवढ्या सौम्य पाण्यात एकट्या हायड्रोक्विनोनकडून जवळजवळ काहीच होत नाही. एकटं मेटॉल काम करतं, पण एकदा इलेक्ट्रॉन दिला की त्याची ताकद संपली. दोघं एकत्र आले की बेरजेपेक्षा कितीतरी जास्त काम होतं. हे कसं, ते मी मुलांना असं सांगते. सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणाभोवती ब्रोमाइड आयनांचं कुंपण असतं, ऋणभाराचं. अल्कलीत पूर्ण मोकळ्या झालेल्या हायड्रोक्विनोनवर दोन ऋणभार असतात, त्यामुळं कुंपण त्याला मागं लोटतं. मेटॉलवर एकच. ते कुंपणातून आत जातं, कणाला चिकटतं, इलेक्ट्रॉन देतं आणि रिकाम्या हातानं बाहेर येतं. बाहेर हायड्रोक्विनोन थांबलेलंच असतं. ते आपला इलेक्ट्रॉन मेटॉलला देऊन त्याला पुन्हा पहिल्यासारखं करतं आणि आत धाडतं. हायड्रोक्विनोन स्वतः या देण्याघेण्यात खर्ची पडतं. त्याचं जे होतं ते सल्फाइट उचलून बाजूला ठेवतं, म्हणजे पाणी गढूळ होत नाही आणि फिल्मवर डाग पडत नाहीत. कणापर्यंत कधीच न पोचणाऱ्या पदार्थाचं चित्रात केवढं देणं असतं! हायड्रोक्विनोन आणि टाकणखार दोन्ही वगळून, नुसत्या मेटॉल आणि सल्फाइटचंही एक सूत्र आहे, डी-२३. ते छान चालतं, पण त्यात मेटॉल ७.५ ग्रॅम घालावं लागतं.

काकांच्या बोटांच्या पेरांवर भेगा आहेत. थंडीत त्या उकलतात. मेटॉलनं कातडीला येणारी खाज आणि भेगा ही या धंद्यातली जुनी दुखणी. पस्तीस वर्षं ट्रेमधे उघड्या हातानं कागद हलवला त्यांनी, चिमट्यानं कोपरे दुमडतात म्हणून. मी हातमोजे घालते तेव्हा ते काही म्हणत नाहीत, पण डबीतलं कोकम तेल लावत बसलेले असतात.

मधे एकदा माझा एक रोल वाया गेला. पावसाळ्यात प्रीतिसंगमावर पाणी चढलेलं असताना काढलेला. कृष्णा गढूळ, कोयना जरा निवळ, आणि दोन्ही एकमेकींना भिडतात तिथं पाण्यावर उठलेली लांब रेघ. घरी तीन महिन्यांपूर्वीची डी-७६ ची अर्धी बाटली होती. जुनं झालंय, जोर कमी झाला असेल, म्हणून मी मिनिटभर वेळ वाढवला. निगेटिव्ह निघाली ती डांबरासारखी. आभाळ आणि पाणी एकजीव, रेघ कुठंच नाही. अर्ध्या रिकाम्या बाटलीतल्या हवेनं हायड्रोक्विनोन आणि सल्फाइटवर काम केलं होतं, आणि त्या क्रियेत अल्कली तयार होतो. दोन ग्रॅम टाकणखाराला तो आवरत नाही. पाणी जास्त अल्कधर्मी, म्हणजे डेव्हलपर जास्त जोरकस. शिळा झाला म्हणून दुबळा न होता तो तापट झाला होता, आणि ज्या कणांना थांबायला हवं होतं तेही पुढं सरकले. यावर उपायही जुनाच आहे, डी-७६-डी. त्यात टाकणखार ८ ग्रॅम आणि बोरिक अॅसिड ८ ग्रॅम. बोरिक अॅसिड, म्हणजे कॅरमवर टाकतो ती पावडर. आम्ल आणि अल्कली दोघं मिळून पाणी जागच्या जागी धरून ठेवतात. आता मी तेच बनवते, बाटल्या काठोकाठ भरते आणि प्रत्येकीवर तारीख लिहिते. संगमावर पुन्हा गेले होते पुढच्या वर्षी, पण तसं पाणी काही मिळालं नाही.

फिल्म किती वेळ धुवायची त्याची सगळी कोष्टकं २० अंशांची. एचपी-५ प्लस फिल्म पाणी न मिसळलेल्या आयडी-११ मधे, म्हणजे इल्फर्डच्या डी-७६ मधे, २० अंशांना साडेसात मिनिटं. एप्रिलमधे आमच्या टाकीचं पाणी ३२ अंशांचं येतं. तेवढ्या पाण्यात सगळं इतकं भरभर होतं की ओतता ओतताच एका कडेला जास्त आणि दुसरीला कमी. शिवाय जिलेटिन फुगून हुळहुळं होतं, नखानंसुद्धा निघून येतं. गरम देशांसाठीच्या सूत्रांत म्हणूनच सोडियम सल्फेट घालतात, ते जिलेटिनला फुगू देत नाही. मी माठ वापरते. स्वयंपाकघरातल्या माठातलं पाणी टबात, टबात डेव्हलपरची बाटली, आणि थर्मामीटर २३-२४ वर आला की वेळ त्या मानानं कमी करून सुरुवात.

असा टब भरताना मला हटकून सरस्वतीबाई फाळके आठवतात. १९१२ मधे दादरच्या घरी दादासाहेबांची फिल्म घरातच धुतली जात होती, आणि कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून रसायनं मिसळून फिल्म धुण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाई होत्या. मुंबईचा उकाडा, घरात मुलंबाळं, मोठ्या संख्येनं जेवायला बसणारी मंडळी, आणि अंधारात फुटांनी मोजायची फिल्म. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मधे पडद्यावर आला. आपण दिग्दर्शक आठवतो, कॅमेरा आठवतो. त्या घरात पाण्याच्या उष्णतेकडं कुणाचं लक्ष होतं, हेही आठवायला हवं असं मला फार वाटतं. हे काम केल्याशिवाय त्या लक्षाची किंमत कळत नाही.

नंतर फेनिडोन आलं. इल्फर्डच्या केंडल यांनी १९४० मधे शोधलेलं. मेटॉलच्या दहाव्या हिश्शानं भागतं आणि त्यानं कातडीला सहसा त्रास होत नाही. १९९६ मधे कोडॅकनं एक्सटॉल काढलं, त्यात हायड्रोक्विनोनची जागा क जीवनसत्त्वाच्या भाऊबंदानं घेतली. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व मिसळूनही रोल धुता येतो. कॉफीत कॅफिक अॅसिड असतं, तेही कॅटेकॉलच्या ठेवणीचं, शेजारीशेजारी दोन गट असलेलं. मी केलंय ते. निगेटिव्ह चांगल्या आल्या, पण वास असा सुटला की दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. आणि तापावरची पॅरासिटॅमॉलची गोळी म्हणजे रोडिनालमधल्या पॅरा-अमिनोफेनॉलचाच अवतार आहे, फक्त एका अॅसिटिल गटानं टोक झाकलेलं. कॉस्टिक सोड्यानं ते झाकण काढून हौशी लोक घरी डेव्हलपर बनवतात. कॉस्टिकशी खेळ नको म्हणून मी त्या वाटेला गेलेले नाही.

गेल्या महिन्यात बारावीच्या मुलांना घेऊन मी एक प्रयोग केला. प्रयोगशाळेच्या मागची साठवणीची खोली काळ्या कागदानं बंद केली. कोऱ्या, कधीच प्रकाश न लागलेल्या फिल्मचे पाच तुकडे अंधारात कापले आणि पाचही एकदम डेव्हलपरमधे सोडले. पहिला सात मिनिटांनी काढला, मग पंधरा, तीस, एक तास, दोन तास. प्रत्येक तुकडा लगेच हायपोत. दोन तास पुऱ्या अंधारात बसणं मुलांना जमेल की नाही अशी मला धाकधूक होती. जमलं. कुणीतरी गाणी म्हणत होतं, कुणीतरी घड्याळाचे चमकणारे काटे वाचत होतं. दार उघडल्यावर पाचही तुकडे धुऊन, वाळवून एका पुठ्ठ्यावर चिकटवले. पहिला काचेसारखा नितळ. दुसरा जवळजवळ तसाच. तिसऱ्यावर पुसट धूर. चौथा आणखी मळकट, आणि शेवटचा राखाडी, आरपार बघितलं तर पलीकडची ट्यूब अंधुक. यांच्यावर कधीच कुणी कॅमेरा रोखला नव्हता.

एका मुलीनं तो पुठ्ठा हातात घेऊन खूप वेळ ट्यूबकडं धरला. मग विचारलं, "मॅडम, पाणी गार केलं तर दोन्ही सारखेच हळू होतील, की न लागलेले जास्त हळू?"

मला उत्तर ठामपणे देता येईना. हायड्रोक्विनोन थंडीत १२-१३ अंशांच्या खाली काम टाकून देतं, एवढं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग बारापर्यंत तरी करून बघू, आणि पुठ्ठा टेबलावर ठेवून बर्फ मागायला कॅन्टीनकडं पळाली.